मिरचीच्या लाइनीतलं इंग्रजी

सोमवारी साहेब सांगणार आहेत. तोवर माझं मन कशातच नाही. चहाचं आधण ठेवते आणि खाली गॅस पेटवायचाच विसरते. खोलीला कुलूप लावते, जिन्यापर्यंत जाते, परत येऊन ते ओढून बघते. बाहेर भाद्रपदाचं चरचरीत ऊन पडलंय, मिरचीला कळ्या धरल्यात. कळ्या धरल्या की दरवर्षी मला हे असं होतं. यंदा जरा जास्तच होतंय.

मी बंगळूरच्या बाहेर, कोलारच्या रस्त्याला, बियाणं तयार करणाऱ्या एका कंपनीच्या शेडनेटमध्ये काम करते. शेडनेट म्हणजे जाळीचं मोठं घर, आत मिरचीच्या ओळी. इथली मी सीझनपुरती. सीझन सरला की बॅग भरायची, पुढचा फोन येईपर्यंत गावी. यंदा नव्या मुलींची तुकडी आली, तमिळनाडूतल्या आणि आंध्रातल्या खेड्यांमधून. त्यांना हिंदी येत नाही आणि त्यांची भाषा मला येत नाही. साहेब म्हणाले, इंग्रजीतून शिकव, थोडं थोडं सगळ्यांनाच समजतं. एक सकाळ मी बसून बघतो. जमलं तर तू कायमची शिकवणारी. नाही जमलं तर आहे तसंच.

ती सकाळ काल झाली. निकाल सोमवारी.

दहावीला इंग्रजीत नापास झालेल्या बाईनं इंग्रजीतून शिकवायचं, हे साहेबांना माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगायला सुरुवात करू कुठून, कोणत्या वाक्यानं?

मी नापास झाले त्या वर्षी आमच्या गावात पहिलं शेडनेट उभं राहिलं. सिंदखेडराजाच्या बाजूला, दुसरबीडला उतरून जीपनं आत जायचं, असं आमचं गाव. आप्पांनी, म्हणजे गावातल्या एका बऱ्यापैकी जमीनवाल्या शेतकऱ्यानं, रस्त्याकडेच्या वावरात ते उभारलं होतं. आत पाऊल टाकलं की ऊन हिरवं व्हायचं. माणसांचे चेहरे, हात, पाण्याच्या कळशा, सगळं हिरवं. आमच्याबरोबर कामाला असलेली शकूमावशी म्हणायची, "आपण समद्या तळ्यात बुडालेल्या बाया दिसतो, बघा." मधमाशी आत येऊ नये म्हणून दाराला दोन पडदे. एक पडला की मगच दुसरा उचलायचा. मला ती दोन पडद्यांमधली बोळकांडी आवडायची. ना आत, ना बाहेर. तिथं घटकाभर उभं राहून मी डूचं, डजचं एकेक वाक्य घोकून घ्यायची.

काम असं. मिरचीची उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर ओळखायची. चिमट्यानं तिच्या पाकळ्या सरकवून आतले निळसर केसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग लावायचे, परागाला आम्ही पावडरच म्हणायचो, आणि देठाला लोकरीचा दोरा बांधायचा. सकाळ चुकली तर कळी वाया. केसर काढायचं राहिलं तर ती आपली आपण फळणार, आणि त्या एका मिरचीपायी सगळं बियाणं भेसळीचं ठरणार. प्रत्येकीला आपली एक लाइन, आपला एक रंग. आईचा पिवळा, शकूमावशीचा लाल, माझा जांभळा. कोणत्या मिरचीवर कोणाचा हात फिरलाय ते कंपनीच्या माणसाला दोऱ्यावरून कळायचं. एका लाइनीला एकच हात, दुसरीच्या लाइनीत बोट घालायचं नाही, हा पहिला नियम.

उद्या उमलणारी कळी आज ओळखायची, यात फार गुंतायला होतं. फार लहान घेतली तर चिमट्यात मोडते. थोडी टपोरी घेतली तर आतल्या आत फुटलेली निघते. दिवसभर डोळ्यांना एकच छंद, ही आजची की उद्याची. मला वाटतं, माझा जीव तेव्हापासूनच एक दिवस पुढं राहायला शिकला. लोक आजचं जेवण जेवतात, मी उद्याच्या काळजीनं घास गिळते.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला होता आणि मी इंग्रजीत गेले होते. तेव्हा राहिलेल्या विषयाची परीक्षा ऑक्टोबरला असायची, म्हणून लोक तिला ऑक्टोबरच म्हणत. "शारदी ऑक्टोबर देनार हाय म्हने," असं माझ्याबद्दल पाणवठ्यावर ऐकू यायचं. पास झाले तर पुढं अकरावी, नाही झाले तर शाळा बंद, असं घरात ठरलेलं. कोणी रागावून ठरवलं नव्हतं. जेवताना आमटी वाढावी तसं ते सहज ठरून गेलं होतं, आणि म्हणूनच मला त्याचं भय वाटायचं.

माझ्या शेजारच्या लाइनीत नसीमबाजी होती. गावातल्या शिवणकाम करणाऱ्या घरातली मुलगी. डी.एड. करून नोकरीची वाट बघत होती आणि वाट बघता बघता क्रॉसिंगला, म्हणजे या पराग लावायच्या कामाला, येत होती. झाडांच्या पलीकडून तिचा आवाज तेवढा यायचा, चेहरा पानांमधून तुकड्या-तुकड्यांनी दिसायचा.

"काय अडतं गं तुझं इंग्रजीत?"

"सगळंच, बाजी."

"सगळं कोणाचंच अडत नसतं. एक वाक्य बोल बरं. रोज शाळेत जाते, म्हण."

"आय ॲम गो टू स्कूल."

बाजी हसली नाही. एक कळी संपवून म्हणाली, "तुझे शब्द ठीक आहेत. तुझे मदतनीस गडबड करतात. नको तिथं घुसतात, पाहिजे तिथं गायब."

सहाय्यकारी क्रियापदं. शाळेत ती फळ्यावर तीन ओळींत लिहिलेली असायची आणि आम्ही ती कवायतीसारखी म्हणायचो. ती कोणाला मदत करतात, हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. बाजीनं सांगितलं.

"डज शी गोज, असं लिहितेस ना पेपरात? अरे बाबा, डजनं तो एस आपल्या डोक्यावर घेतला की. मग बिचाऱ्या गोवर परत काऊन लादतेस? टोपलं एकीच्या डोक्यावर असतं का दोघींच्या?"

"एकीच्या."

"हां. बस, इतकंच."

मग काम चालू आहे असं सांगायचं तर ॲम, इज, आर पुढं, आणि मागून आयएनजीचं शेपूट. काम झालं असं सांगायचं तर हॅव, हॅज. माणूस एकटा की पुष्कळ, हे मदतनीसच बघणार. काल की आज, तेही तोच. मूळ क्रियापद आपलं नवरीसारखं मागं उभं, सगळी धावपळ मदतनिसाची. एकदा हे डोक्यात बसल्यावर मला त्या छोट्या-छोट्या शब्दांची दया येऊ लागली. कोणी त्यांचा अर्थ विचारत नाही, आणि ते नसले की सगळं वाक्य लंगडतं.

बायकांना या शिकवणीचा फार चाळा लागला. बाजी ओरडायची, "मावशी, डू यू लाइक टी?" आणि शकूमावशी म्हणायची, "लाइक तर लाइक, पन आनतंय कोन?" आई माझी संग्रामपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. तिची बोली आमच्या गावात ऐकली की पोरं तिला चिडवायची. तिनं सगळ्या इंग्रजीतून फक्त आय ॲम उचललं. लाइनीत कोण राहिलंय? "आय ॲम!" पाण्याची कळशी कोणी सांडली? "आय ॲम!" हाक कोणाचीही असो, उत्तर तिचंच. शकूमावशी म्हणायची, "ही तर पास झाली बया. पोरगीच राह्यली."

आता बंगळूरला इतकी वर्षं काढल्यावर एक गंमत लक्षात येते. इथं पुष्कळ जण मदतनिसाला सरळ घरी बसवतात. यू कमिंग? ही नॉट कम. साहेबसुद्धा तसंच बोलतात आणि कोणाचं काही अडत नाही. मलाही तसं बोलता आलं असतं, पण माझी जीभ वळत नाही. जे जिना शेकडो वेळा उतरलेत ते कठडा न धरता खाली पळतात. माझा हात कठड्यावरून सुटत नाही. मराठीत मी नुसता आवाज वर केला की प्रश्न होतो. जेवलीस? आलीस? इंग्रजीत तसं चालत नाही. आधी मदतनीस पुढं पाठवायचा, मग प्रश्न. सोयरिकीचं बोलणं काढायला आधी मध्यस्थ जातो ना, तसं. आणि चुकीचा मध्यस्थ गेला की काय होतं ते आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे.

परवा, शिकवायच्या आदल्या दुपारी, आईचा फोन आला.

"काय करून राह्यली?"

"घोकतेय."

"काय घोकतं? तुले तं सारं काम येते."

"काम येतं गं. बोलणं नाही येत."

तिनं तिकडं कोंबड्यांना हाकललं. मग म्हणाली, "त्या साहेबाले मराठी नाही येत का जराकशी? तू इचारून तं पाह्य."

मी हसले आणि फोन ठेवल्यावर परत घोकायला लागले. धिस इज. दीज आर. डू नॉट टच.

ऑक्टोबरचा इंग्रजीचा पेपर नेमका कळ्यांच्या ऐन बहरात आला. परीक्षा सिंदखेडराजाला. सकाळची एसटी धरायची तर पावडर लावायच्या आतच निघायला हवं होतं. आदल्या दिवशी मी माझ्या लाइनीतल्या कळ्यांचे केसर काढून ठेवलेले, त्यांना सकाळी हात लागला नाही तर लाइन बसली, सगळ्या कळ्या वाया. केसर काढायचं थांबवलं असतं तर त्या आपोआप फळल्या असत्या, म्हणजे आणखी वाईट. मी संध्याकाळी चिमटा पुसत म्हटलं, "मी नाही जात."

शकूमावशी बोलली. "सावड करू."

आमच्याकडं निंदणीला, सोंगणीला सावड करतात. आज सगळ्या मिळून तुझ्या वावरात, उद्या माझ्या. मजुरी नाही, हिशेब नाही, नुसता हात द्यायचा आणि हात घ्यायचा. पण शेडनेटमध्ये सावड कोणी ऐकली नव्हती. तिथं एका लाइनीला एकच हात.

"मावशी, ते चालत नाही इथं," मी म्हटलं.

"कोनी सांगितलं?"

"कंपनीनं."

"कंपनी काय सक्काळी उठून येती का बघायला? बाजी, तू वरून घे. मी खालून. शारदाच्या आईनं मधून घ्यावं. पोरी, तू जा आन तेवढं ते डज का फिज लिहून ये."

मी गेले. परीक्षेचा हॉल शाळेचाच, भिंतीवर नकाशाचे खिळे आणि खिडकीतून लिंबाचं झाड. प्रश्नपत्रिका समोर आली तेव्हा ऊन खिडकीच्या चौकटीवर होतं. मी उत्तर लिहायची आणि ऊन बघायची. आता बाजी वरच्या टोकाला असेल. आता मावशीला खालच्या झाडांपाशी वाकावं लागत असेल, तिची कंबर धरते. आता ऊन चढलं, पावडर सुकली असेल. एका मोकळ्या जागेत मदतनीस भरायचा होता, मला तो येत होता, आणि मी पेन धरून बसले होते, माझ्या लाइनीतली कोणती कळी सुटली असेल ते शोधत. पेपर देणारी मी तिथं होते आणि नव्हतेही.

दुसऱ्याच दिवशी कंपनीचा माणूस आला. नुकताच कॉलेजातून निघालेला, गळ्यात पट्टा, पायात स्वच्छ बूट. माझ्या लाइनीपाशी थांबला. जांभळ्या दोऱ्यांच्या मध्ये लाल, पिवळे, बाजीचे पांढरे.

"ही लाइन कोणाची?"

"आमची," शकूमावशी म्हणाली.

"आमची म्हणजे कोणाची?"

"आमची म्हंजी आमची. तुमच्याकडं न्हाई का म्हनत आमची?"

"मावशी, नियम माहीत आहे ना? एका लाइनीत चार-चार हात? ही सगळी फळं तोडून टाकावी लागतील." तो आप्पांकडं वळला. "काका, उद्या बियाणं भेसळीचं निघालं तर कोणाला धरायचं? मला एक नाव द्या."

आप्पांचा चेहरा उतरला. कंपनीनं प्लॉट नाकारला तर त्यांचं वर्ष गेलं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी पुढं होणार तेवढ्यात तो आईला म्हणाला, "काकू, तुम्ही खरं सांगा. काल या लाइनीत कोण होतं?"

आईची भीतीनं गाळण उडाली आणि तिच्या तोंडून निघालं, "आय ॲम!"

आधी बाजी हसली, मग मावशी, मग जाळीतल्या सगळ्या लाइनी. शेवटी तो पोरगाही पट्टा हातात धरून हसला. हसणं ओसरल्यावर आप्पा म्हणाले, "भाऊ, तोडू नका. या लाइनीचं बी येगळ्या पिशवीत धरा. तपासा. खराब निघालं तर माझ्या नावावर." त्यांनी मला कामावरून काढलं असतं तर गावात कोणी त्यांना नावं ठेवली नसती. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पेपर कसा गेला गं?"

पेपर गेलाच होता. निकाल लागला, मी परत इंग्रजीत राहिले. मला वाटत होतं, मावशी काहीतरी बोलेल. कंबर धरून ती माझ्या झाडांपाशी वाकली होती, तिला बोलायचा हक्क होता. ती म्हणाली, "इंग्रज गेले, पन पेपर काढायचं काय सोडलं न्हाई मेल्यांनी." बाजी म्हणाली, "मार्चला परत बस." त्यापेक्षा जास्त कोणी बोललं नाही. मला ते फार जड गेलं. कोणी टोमणा मारला असता तर मी भांडून मोकळी झाले असते.

मार्चला मी बसले नाही. शाळा बंद झाली, आणि क्रॉसिंगला चांगले हात पाहिजेत म्हणून कर्नाटकात जाणाऱ्या बायकांच्या गाडीत मी बसले. तिथून पुढं इथं. वेगळ्या पिशवीतल्या त्या बियांचं काय झालं, मला कधी कळलं नाही. मध्ये एकदा आईला विचारलं तर म्हणाली, "बाई, त्या मिरच्या लोकायच्या खाऊनही झाल्या असतील. तू काऊन अजून ठसकून राह्यली?" बाजी आता जालन्याला सासरी आहे, घरी शिकवण्या घेते. ईदेला तिचा फोन येतो. मी कधी तिच्याशी इंग्रजीत बोलत नाही, तीही विचारत नाही.

तर काल सकाळी. मुली लाइनीच्या तोंडाशी उभ्या, नव्या टोप्या, नवे चिमटे, हात कुठं ठेवायचे ते कोणालाच कळत नव्हतं. साहेब प्लास्टिकच्या खुर्चीत. मी सुरुवात केली. धिस इज द फीमेल लाइन. दॅट इज द मेल लाइन. पहिली दोन वाक्यं अडखळली, मग शब्द येत गेले. मदतनीस जागच्या जागी उभे राहत होते. एखादा चुकला असेल, मला थांबून बघायची हिंमत नव्हती. मी कळी दाखवली, केसर काढून दाखवले, पावडर, दोरा, सगळं. शेवटी विचारलं, "डू यू अंडरस्टँड?"

"येस मॅम," सगळ्या एका सुरात.

साहेब खुर्चीतून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "गुड. फिनिश?"

इथं मी नुसती मान हलवली असती तर काम झालं होतं. पण तो येस माझ्या ओळखीचा होता. वर्गात सरांनी समजलं का विचारलं की आम्ही असाच एका सुरात म्हणायचो, म्हणजे सर पुढच्या बाकाकडं वळायचे आणि आम्ही सुटायचो. या मुलींना काहीही समजलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या लाइनी खराब निघतील, आणि तेव्हा त्यांच्या बाजूनं बोलायला कोणी नसेल.

"नो सर," मी म्हटलं. "दे डू नॉट अंडरस्टँड. आय विल टीच अगेन."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी घड्याळ बघितलं. पण वाक्य तर निघून गेलं होतं. मी मुलींकडं वळले. घोकलेलं सगळं संपलं होतं, आता जे येईल ते माझंच होतं. म्हटलं, मी नवीन होते तेव्हा मलाही कळलं नव्हतं, मीही येस म्हटलं होतं. पहिल्या रांगेतली एक मुलगी, सेल्वी तिचं नाव, खाली बघून हसली. मग बाकीच्या हसल्या. मी पहिल्या झाडापासून परत सुरू केलं, सावकाश, एकेकीच्या हातात चिमटा देत.

सेल्वीची पाळी आली. तिनं चिमटा कळीपर्यंत नेला आणि मागं घेतला.

"मॅम, इफ आय डू राँग, यू विल शाउट?"

"नो," मी म्हटलं. "यू कॉल मी. आय विल कम."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, खरं बोलते का ते. मग कळीवर वाकली. साहेब अजून उभे होते की परत खुर्चीत बसले होते, ते मी वळून पाहिलं नाही.